जुनं एका ओळीचं पेरणी यंत्र मिनी ट्रॅक्टरमागं लावलंय आणि ओळीत नांग्या पडतायत? आधी हे तपासा

बैलाच्या काळातलं एका ओळीचं तिरक्या तबकडीचं पेरणी यंत्र (पेटीतली खाचे असलेली तिरकी तबकडी एकेक दाणा उचलून नळीत टाकते ते), त्याला कुणीतरी वेल्डिंग करून फ्रेम बसवलेली, ते १५-२० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला, म्हणजे मागच्या तीन हातांच्या जोडणीला, जोडलेलं, आणि सोयाबीन उगवून आलं की ओळीत नांग्याच नांग्या, म्हणजे रोपच नसलेल्या रिकाम्या जागा. हे दुखणं आमच्या मराठवाड्यात दर जूनला निघतं, आमच्या शेतात आणि आजूबाजूच्या शिवारातही मी ते कितीदा सोडवलंय, आणि दरवेळी बघतो की माणूस पाना घेऊन आधी तबकडी उघडायला बसतो. मंडळी, पाना बाजूला ठेवा. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असतं. ते बैलाच्या चालीला आणि बैलाच्या ओढीला बनवलेलं आहे, ट्रॅक्टर त्याला जास्त पळवतो, अर्धवट वर उचलून धरतो नाहीतर तिरकं धरतो, आणि नांगी तिथं पडते.

लक्षणं नीट बघा, अर्धं काम तिथंच होतं

उगवणीची वाट बघू नका, तोवर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेलेला असतो. पहिली ओळ पेरून झाली की ट्रॅक्टर थांबवा, खाली उतरा, एक मीटर काकरी (फणानं पाडलेली पेरणीची चरी) बोटानं हळू उकरा आणि दाणे मोजा. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर धरलं तर मीटरला २० दाणे पाहिजेत. १८ ते २२ मिळाले तर पेरणी चालू द्या. ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीन-चार जागी बघा, एका जागेवरून काही कळत नाही.

आता नांगी कशी पडलीय ते बघा.

– ठरावीक अंतरावर, दर सव्वा मीटरला वगैरे, एकच दाणा गायब: तबकडीचा एक खाचा बुजलाय.

– सगळीकडंच विरळ, मीटरला १२-१४ दाणे पण अंतर साधारण सारखं: यंत्राचं चाक (चेननं तबकडी फिरवतं ते) घसरतंय किंवा गरारी, म्हणजे चेनचं दातेरी चाक, चुकीची लागलीय.

– कुठं एक, कुठं दोन, कुठं काहीच नाही, सगळं विस्कटलेलं: वेग जास्त आहे.

– मधेच मीटर दोन मीटर पूर्ण कोरडं आणि मग एका जागी दाण्यांचा ढीग: नळी तुंबली होती आणि मग मोकळी झाली.

– फक्त ओळीच्या सुरुवातीला नांगी: यंत्र उभ्या ट्रॅक्टरला खाली टेकवताय.

– काकरीत डाळ झालेले दाणे: तबकडीवरचे जादाचे दाणे झाडणारा ब्रश, तबकडीखालची फट, नाहीतर बीच पोत्यात फुटलेलं होतं.

– दाणे बरोबर मोजून पडलेत पण उगवण तुटक: हे यंत्राचं दुखणंच नाही, बी किंवा खोली बघा.

बी आधी, यंत्र नंतर

हे घरबसल्या आणि फुकटात होतं म्हणून पहिलं. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राहू द्या, सहा-सात दिवसांत कोंब मोजा. ७० च्या वर असेल तर बी पेरण्यासारखं आहे. त्याच्या खाली असेल तर यंत्र कितीही चांगलं चाललं तरी नांग्या दिसणारच, आणि तुम्ही उगाच तबकड्या बदलत बसाल. सोयाबीनचं साल लई पातळ असतं, पोतं ट्रॉलीतून आदळलं तरी उगवण कमी होते, त्यामुळं घरचं बी असेल तर ही तपासणी टाळूच नका.

दुसरं म्हणजे बीजप्रक्रिया. बुरशीनाशक लावलं, मग रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं गुळाच्या पाण्यात कालवून लावलं, चांगलंच केलं, पण तेच बी अर्ध्या तासात ओलसर पेटीत ओतलं तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि खाचात उतरतच नाहीत. सावलीत पसरून हात लावल्यावर चिकट लागणार नाही इतकं सुकवा. तरी चिकटत असेल तर पेटीत चमचाभर ग्राफाइट पावडर टाकून हातानं हलवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पोत्याचे सुतळीचे धागे, काडीकचरा, शेंगेची टरफलं चाळून काढा. एक धागा तबकडीवर आडवा पडला की तिथून पुढचे सगळे खाचे निम्मे भरतात. पेटी काठोकाठ भरू नका, अर्धी ते पाऊण ठेवा. तिरक्या तबकडीत खाचा दाण्यांच्या ढिगातून वर निघतो तेव्हा जादाचे दाणे आपल्या वजनानं मागं ओघळले पाहिजेत, ढीगच वरपर्यंत असेल तर ते ओघळणार कुठं.

हातानं चाक फिरवून निवाडा करा

आता एक टेस्ट, हिच्यावरून कळतं की दोष पेटीत आहे की शेतात. यंत्र हायड्रॉलिकनं उचला, खाली दणकट लाकडी ठोकळे द्या आणि वजन ठोकळ्यांवर येऊ द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर लटकलेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवायची. नळीच्या खाली पिशवी बांधा, चाकाला खडूनं खूण करा, आणि चाक हातानं सावकाश १० फेरे फिरवा.

हिशोब सोपा आहे. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर घेर साधारण १ मीटर २६ सेंटिमीटर. तबकडीला २४ खाचे असतील आणि चाकाच्या एका फेरीला तबकडीची एक फेरी होत असेल तर १० फेऱ्यांत २४० दाणे यायला पाहिजेत, म्हणजे दाण्यातलं अंतर सव्वापाच सेंटिमीटर. तुमच्या चाकाचा घेर दोरीनं मोजून घ्या आणि खाचे मोजा, आकडा तुमचा तुम्ही काढा. २३० ते २५० मिळाले तर पेटी, तबकडी, चेन सगळं ठीक आहे, ते उघडूच नका, दोष शेतात चालताना होतोय. १८०-२०० मिळाले तर तबकडी बघा.

तबकडी

पेटी रिकामी करा, तबकडी काढा आणि एकेक खाचा उजेडाकडं धरून बघा. औषधाचा थर, फुटलेल्या दाण्याचा तुकडा, गेल्या वर्षीचा हरभऱ्याचा टरफल असं काहीतरी निघतंच. काडीनं साफ करा, खिळ्यानं खरवडू नका, खाचा मोठा झाला की दोन दोन दाणे यायला लागतात आणि तो परत लहान करता येत नाही. मग पोत्यातला सगळ्यात मोठा दाणा घ्या आणि खाचात ठेवा. तो सहज बसला पाहिजे आणि त्याच्या शेजारी दुसरा घुसता कामा नये. मक्याची तबकडी सोयाबीनला चालते असं सांगणारे भेटतात, दिसायला चालते, पण काकरी उकरून बघा मग कळेल.

तबकडी सपाट फरशीवर ठेवून बघा, डुगडुगली तर ती वाकलीय. वाकलेली तबकडी एका बाजूला तळापासून उचलते, तिथं दाणा अडकतो आणि फुटतो. अॅल्युमिनियमची असेल तर दोन लाकडी फळ्यांमधे धरून हलक्या हातानं सरळ होते. ब्रश असेल तर तो तबकडीला नुसता टेकला पाहिजे, दाबला गेला तर डाळ होते, झिजला तर जोडदाणे येतात.

वेग, इथंच सगळ्यात जास्त नांग्या पडतात

बैल ताशी दोन-अडीच किलोमीटरनं चालतो. या यंत्राच्या तबकडीला तेवढीच सवय आहे. मीटरला २० दाणे धरले तर ताशी ३ किलोमीटरला मिनिटात ५० मीटर होतात, म्हणजे मिनिटाला १००० दाणे, सेकंदाला १६-१७. आता तुम्ही गाडी ताशी ५ ला नेली की तीच तबकडी सेकंदाला २७-२८ दाणे द्यायला बघते. खाचा ढिगातून इतक्या झपाट्यानं जातो की दाणा त्यात बसायलाच वेळ मिळत नाही, आणि जो बसतो तो नळीत आपटत आपटत खाली जातो, काकरीत उड्या मारतो. तबकडी बदलून, ब्रश बदलून, काहीही करून यावर इलाज नाही, वेग कमी करणं हाच इलाज.

गिअरच्या नंबरवर जाऊ नका, प्रत्येक ट्रॅक्टरचा वेगळा असतो. बांधावर ५० मीटर मोजून दोन काठ्या रोवा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. ६० ते ७० सेकंद लागले पाहिजेत. ४५ सेकंदात पोचलात तर ताशी ४ झाले, ३६ सेकंदात पोचलात तर ताशी ५. बहुतेक मिनी ट्रॅक्टरला लो चा पहिला किंवा दुसरा गिअर आणि निम्मा थ्रॉटल इथं बसतो, एकदा सापडला की थ्रॉटलच्या लिव्हरजवळ पेंटनं खूण करून ठेवा.

लोक पळवतात का ते मला माहितीय. ४५ सेंटिमीटरवर एक ओळ म्हणजे एका एकरात जवळजवळ ९ किलोमीटर चालणं होतं, ताशी ३ नं नुसतं चालायलाच तीन तास लागतात, वळणं धरून चारच्या आसपास. आभाळ भरून आलेलं असतं, शेजाऱ्याचं पेरून झालेलं असतं, मग पाय दाबला जातो. पण दुबार पेरणीचा खर्च, परत बी, परत डिझेल, आणि पंधरा दिवस गेलेले, त्यापुढं तो एक वाचवलेला तास काहीच नाही.

हायड्रॉलिक आणि टॉप लिंक

हे बैलाच्या यंत्राला नव्हतंच, म्हणून जुन्या माणसालाही इथला दोष दिसत नाही.

खोली कमी-जास्त करायला बरेच जण हायड्रॉलिकचा लिव्हर मधे कुठंतरी धरून ठेवतात. त्यानं यंत्राचं वजन ट्रॅक्टरच्या हातांवर येतं, चाक जमिनीवर नुसतं घासत जातं, फिरत नाही, आणि चाक फिरलं नाही की तबकडी थांबली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागं यंत्र वर उचललं जातं, तिथं तर हमखास नांगी. पेरताना लिव्हर पूर्ण खाली, यंत्र मोकळं तरंगलं पाहिजे. खोली लिव्हरनं धरायची नाही, फणाचा क्लॅम्प सैल करून फण वर-खाली करून धरायची. सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटर, त्यापेक्षा खोल गेलं आणि वर पाऊस पडून पापडी धरली की कोंब आतच मोडतो.

टॉप लिंक, म्हणजे थ्री पॉइंटचा वरचा, आट्यानं लांब-आखूड होणारा दांडा, ही तिरक्या तबकडीची मानच आहे. ती आखडली किंवा लांबवली की पेटी पुढं-मागं कलते आणि तबकडीचा कोनच बदलतो. एका बाजूला कलली की खाचातला दाणा वर पोचायच्या आधीच ओघळतो, दुसऱ्या बाजूला कलली की जादाचे दाणे ओघळत नाहीत आणि जोडदाणे पडतात. यंत्र फण जमिनीत असताना बघायचं, उचललेलं असताना नाही, कारण दोन्ही वेळी कोन वेगळा असतो. फ्रेमवर गवंड्याची लेव्हल ठेवा, नसेल तर ओळंबा धरा, फ्रेम आडवी आणि पेटी सरळ दिसेपर्यंत टॉप लिंक फिरवा, आणि तिच्या आट्यावर पेंटची खूण करा. उताराच्या रानात जाताना एक आणि येताना दुसरं असं दिसत असेल तर उताराला आडवं पेरा, ते पाण्यासाठीही बरं.

चेक चेनही, म्हणजे खालच्या हातांना बाजूला डुलू न देणाऱ्या साखळ्या, बघून घ्या. लई सैल असेल तर यंत्र डुलतं आणि ओळ नागमोडी होते, पुढं डवरणीला, कोळपणीला त्रास होतो.

चाक घसरतंय का

२० मीटर मोजा, चाकाची खडूची खूण बघत कुणाला तरी सोबत चालवा आणि फेरे मोजा. सव्वा मीटर घेराच्या चाकाचे १६ फेरे व्हायला पाहिजेत. १४ झाले तर आठवा हिस्सा दाणे तिथंच गेले. सगळीकडं सारखंच विरळ दिसतं ते यामुळं.

कारणं तीन-चारच आहेत. चाकाच्या कडेचे दात झिजलेत, वजन कमी पडतंय, रान लई भुसभुशीत आहे, नाहीतर ओलं आहे. वजनासाठी १०-१५ किलो वाळूची पिशवी चाकाच्या वर फ्रेमला घट्ट बांधा, पेटीवर ठेवू नका. झिजलेल्या दातांवर पट्टीचे तुकडे वेल्ड करून घेता येतात. आणि काळ्या रानात चाकाला चिखल धरला असेल तर ते चाक मोठं होऊन कमी फेरे घेतं, खरवडायला पट्टी असेल तर ती सरळ करा, पण खरं म्हणजे त्या दिवशी पेरूच नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून पसरली तर वापसा आहे, गोळा तसाच राहिला तर थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असं दर वर्षी कृषी खातं सांगतं, त्यात हेही आलं.

नळी, चेन आणि खिटी

नळी तुंबते ती जवळजवळ नेहमी एकाच कारणानं. ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली सोडलं की फणाच्या मागचं तोंड मातीत रुततं आणि माती आत घुसते. गाडी चालू झाल्यावर, चालता चालताच यंत्र खाली सोडा. आणि यंत्र खाली असताना एक हातभरही रिव्हर्स घेऊ नका. प्रत्येक वळणावर खाली वाकून तोंड बघायची सवय लावा. नळी जुनी रबराची असेल आणि मधे झोळ पडला असेल तर दाणे तिथं थांबतात आणि मग एकदम पडतात, गुळगुळीत प्लास्टिकचा पाइप, सरळ आणि आखूड, एवढंच पुरे.

चेन मधोमध बोटानं दाबून एक-दीड सेंटिमीटर खेळली पाहिजे. जास्त सैल असेल तर ढेकळावर उडी मारते. डिझेलनं धुवा, तेलाचा हलका हात फिरवा, ग्रीस थापू नका, त्यावर माती बसून ती दगड होते. दोन्ही गरारींना दोरी लावून बघा, एका ओळीत नसतील तर चेन उतरणारच. गरारी शाफ्टला पकडून ठेवणारी खिटी किंवा ग्रब स्क्रू ढिला असेल तर शाफ्ट थांबतो आणि गरारी एकटीच फिरते, हे बाहेरून दिसत नाही, शाफ्ट आणि गरारी दोन्हीवर मिळून एक पेंटची रेघ मारा, रेघ तुटली की समजा.

सगळ्यात शेवटी बेव्हल गिअर

तबकडीच्या मागं दोन तिरके गिअर असतात. चाक धरून ठेवा आणि तबकडी हातानं पुढं-मागं हलवा. थोडा ढिलेपणा चालतो, कारण तबकडी एकाच दिशेनं फिरते आणि तो ढिलेपणा आपोआप भरून निघतो. पण चाक फिरवताना कटकट आवाज येत असेल आणि तबकडी मधेच दचकत असेल तर दात तुटलाय किंवा बुश झिजून गिअर लांब सरकलाय. बुश झिजला असेल तर पातळ वॉशर टाकून हंगाम निघतो.

इथं थांबा, मिस्त्रीकडं न्या

बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग तडकलं असेल तर साध्या रॉडनं वेल्डिंग मारू नका. थंड झालं की शेजारीच नवी तड जाते आणि पुढं ते जोडणं अवघड होतं. बिडाचं काम करणारा वेल्डर वेगळा असतो, तो तापवून आणि वेगळा रॉड वापरून करतो. थ्री पॉइंटच्या कानाला, पिनेजवळ, तड दिसली तर एक ओळही पुढं जाऊ नका, यंत्र सुटलं तर माणसाच्या अंगावर येतं. उचललेलं यंत्र आपोआप खाली बसत असेल तर तो हायड्रॉलिकचा दोष, ट्रॅक्टर मेकॅनिकचं काम, आपण उघडायचं नाही. शाफ्ट वाकला असेल, गिअरचा दात तुटला असेल तर लेथवाल्याकडं जायचं.

उगवण ७० च्या खाली आली आणि बी विकतचं असेल तर पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बी जपून ठेवा आणि लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पंचनामा पीक उभं असतानाच होतो.

आणि वेळेचं भान ठेवा. दुरुस्तीला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागणार असं दिसलं तर वापसा घालवत बसू नका, त्या दिवशी कुणाचं तरी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र) किंवा साधं पेरणी यंत्र भाड्यानं बोलवा. पडलेल्या नांग्या उगवण दिसताच आठवड्याभरात त्याच वाणाच्या बियांनी टोकून घ्या, उशीर केला तर नवी रोपं जुन्यांच्या सावलीत दबून राहतात.

लेथवर जाताना नुसता तुटलेला गिअर नेऊ नका. दोन्ही गिअर, शाफ्ट आणि तबकडी असं सगळं सोबत न्या, कारण या यंत्राचा जोड बाजारात तयार मिळत नाही आणि झिजलेल्या जुन्या गिअरवर एकटा नवा बसवला तर तो पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. चाक कुठल्या दिशेनं फिरतं तेही शाफ्टवर बाणानं लिहून द्या.